सौर ऊर्जेचे धोरण आणि गायरानावरचा माणूस

मागच्या उन्हाळ्यात मराठवाड्यातल्या एका गावातून निरोप आला, की चावडीवर एक कागद लावला आहे आणि तो नीट वाचून सांगणारा माणूस हवा आहे. मी गेलो. कागद साधा होता. गावातल्या एका गटातली गायरान जमीन सौर ऊर्जा प्रकल्पाला देण्याचे योजिले आहे, कोणाची हरकत असल्यास मुदतीत नोंदवावी, एवढाच मजकूर. खाली तक्ता होता. गटाचे क्षेत्र लिहिले होते, वीज उपकेंद्रापासूनचे अंतर लिहिले होते, आणि 'जमिनीची सद्यःस्थिती' ह्या रकान्यात एकच शब्द होता : पडीक.

त्या पडीक जमिनीवर तुरीची धसकटे उभी होती. दगड वेचून बांध घातलेले होते. एका कडेला शेवग्याची चार झाडे होती. अकरा घरे, सात बौद्धांची आणि चार मातंगांची, चाळीस वर्षांपासून ती जमीन कसून खात आहेत. त्यांतल्या एका म्हातारीने पत्र्याच्या पेटीतून प्लॅस्टिकची पिशवी काढली आणि माझ्यापुढे ओतली. आत पावत्या होत्या. अतिक्रमण केले म्हणून वेळोवेळी भरलेल्या दंडाच्या पावत्या. घडीवर विरलेल्या, काही उंदरांनी कुरतडलेल्या. म्हातारी म्हणाली, ''दंड घेतलाय म्हंजी आमी तिथं व्हतो का न्हाई?''

ह्या प्रश्नाचे उत्तर शासनाच्या एका दप्तरात आहे आणि दुसऱ्या दप्तरात नाही. स्वच्छ ऊर्जेचे राज्याचे धोरण आणि त्यातला न्याय, ह्या विषयावर मी लिहायला बसलो आहे ते ह्याच कारणाने. आपल्या चळवळीतल्या बहुतेकांना हा विषय इंजिनिअरांचा वाटतो. तो तसा नाही.

प्रथम योजना समजून घेऊ. २०१७ साली राज्य शासनाने मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू केली. २०२३ साली तिचे दुसरे, फार मोठे रूप आले. शेतीपंपांना वीज पुरवणारे फीडर वेगळे काढायचे, त्या फीडरच्या उपकेंद्राजवळ काही मेगावॉटचा सौर प्रकल्प उभारायचा, आणि तिथे तयार झालेली वीज तिथल्याच पंपांना दिवसा द्यायची, अशी ही कल्पना आहे. सुमारे १६,००० मेगावॉटचे उद्दिष्ट धरलेले आहे. त्याआधी २०२० च्या अखेरीस अपारंपरिक ऊर्जेचे धोरण जाहीर झाले होते. त्यात १७,३६० मेगावॉटचा संकल्प होता आणि त्यातले १२,९३० मेगावॉट एकट्या सौर ऊर्जेचे होते. म्हणजे वाऱ्यापेक्षा, उसाच्या चिपाडापेक्षा, लहान धरणांपेक्षा सरकारची सारी भिस्त उन्हावर आहे.

योजना वाईट आहे असे मी म्हणणार नाही. शेतीला रात्रीची वीज म्हणजे काय असते हे खेड्यातल्या माणसाला सांगावे लागत नाही. थंडीत, चिखलात, बॅटरीच्या उजेडात पाणी धरायला मालक क्वचितच जातो, सालगडी जातो. साप चावतो तो सालगड्याला, आणि शॉक लागतो तोही त्यालाच. दिवसा वीज आली तर त्याचा जीव वाचेल. शिवाय ही वीज युनिटला तीन रुपयांच्या आसपास पडते, त्यामुळे वीज मंडळाचा तोटा कमी होतो. हे सगळे मान्य. प्रश्न पुढचा आहे. हे प्रकल्प उभे कशावर राहणार?

एक मेगावॉट सौर विजेला चार ते पाच एकर जमीन लागते. १६,००० मेगावॉटचा हिशेब केला तर चौसष्ट ते ऐंशी हजार एकर होतात. ही जमीन दोन मार्गांनी मिळवायची आहे. खाजगी मालकाने जमीन दिली तर त्याला हेक्टरी वर्षाला १ लाख २५ हजार रुपये भाडे, आणि दर वर्षी त्यात ३ टक्के वाढ. शासकीय जमीन असेल तर ती नाममात्र भाड्याने. आणि खेड्यात उपकेंद्राच्या आसपासची शासकीय जमीन म्हणजे बहुतेक ठिकाणी गायरान. (विदर्भातले लोक तिला ई-क्लास म्हणतात.)

आता दोन माणसे समोरासमोर उभी करा. एकाची चार एकर जिराईत जमीन सातबाऱ्यावर आहे. ती प्रकल्पाला दिली तर त्याला पहिल्याच वर्षी सुमारे दोन लाख रुपये घरबसल्या मिळतील. ना नांगरट, ना पेरणी, ना पावसाची वाट. दुसऱ्याची चार एकर जमीन गायरानात आहे. पहिल्यापेक्षा त्याने तिच्यावर अधिक घाम गाळला आहे, कारण त्याला दगडधोंड्यांचे रान मिळाले होते. त्याला मिळणार शून्य. वर अतिक्रमण केले म्हणून नोटीस. तेच ऊन, तीच काच, तीच वीज. एका माणसाच्या नावाने कागद आहे आणि दुसऱ्याच्या नावाने नाही, एवढाच काय तो फरक.

पण दुसऱ्याच्या नावाने अजिबात कागद नाही हेही खरे नाही. महसूल खात्यात गाव नमुना १-ई नावाची नोंदवही असते. शासकीय जमिनीवर कोणी अतिक्रमण केले आहे, किती क्षेत्रावर, कधीपासून, हे तलाठ्याने तिच्यात लिहायचे असते. ही वही आपल्या लोकांचा खरा सातबारा आहे. शासनाने २७ डिसेंबर १९७८ च्या निर्णयाने ३१ मार्च १९७८ पूर्वीची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरवले. पुढे २८ नोव्हेंबर १९९१ चा निर्णय आला. १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० ह्या काळातली, मुख्यतः दलित, आदिवासी, भूमिहीन ह्यांची अतिक्रमणे त्यात धरली होती. १४ एप्रिल १९९० ही तारीख कोणती आहे हे वाचकांना सांगायला नको. बाबासाहेबांच्या जन्मशताब्दी वर्षाचा पहिला दिवस. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ साली आणि पुन्हा १९६४-६५ साली भूमिहीनांनी जे सत्याग्रह केले, तुरुंग भरले, त्यांचे हे उशिरा आलेले आणि अर्धेमुर्धे फळ होते. मराठवाड्यात एकनाथ आवाडांसारख्या कार्यकर्त्यांनी त्याच धाग्यावर गावोगाव गायरानाचा लढा चालवला.

निर्णय झाले, पट्टे मात्र थोड्यांनाच मिळाले. बाकीच्यांच्या बाबतीत १-ई मध्ये काही वर्षे नोंद आहे, काही वर्षे नाही, कारण तलाठी बदलला, किंवा पाटलाशी तंटा झाला, किंवा निव्वळ आळस. नोंद तुटली की हक्क तुटला. म्हणून लोकांनी दंडाच्या पावत्या जपून ठेवल्या. गुन्ह्याची पावती हाच हक्काचा पुरावा, अशी ही जगावेगळी दशा आहे.

त्यातच २०२२ साली मुंबई उच्च न्यायालयाने गायरानांवरील अतिक्रमणांची स्वतःहून दखल घेतली आणि राज्यभर नोटिसांचे सत्र सुरू झाले. दोन लाखांहून अधिक अतिक्रमणे मोजली गेली. गायरान गुरांसाठी आहे, ते मोकळे झाले पाहिजे, असे सांगण्यात आले. सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ च्या जगपाल सिंग खटल्यातल्या निकालाचा आधार सगळे देतात. त्याच निकालात भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जाती-जमातींना शासनाच्या अधिसूचनेने दिलेल्या जमिनींचा अपवाद ठेवलेला आहे, तेवढा मात्र वाचायचा राहून जातो. आणि आता तेच गायरान गुरांकडेही जाणार नाही. त्याला तारेचे कुंपण पडणार, आत काचेच्या रांगा उभ्या राहणार. आम्ही कसले तर गुरे उपाशी मरतात, आणि काच उभारली तर नाही, हा कोणता न्याय?

ह्यावर आपल्यातलेच काही शिकलेले मित्र म्हणतात, की त्या बरड जमिनीत काय ठेवले आहे. बाबासाहेबांनी खेडे सोडायला सांगितले, यंत्रयुगाचे स्वागत केले, आणि तुम्ही गायरानाला कवटाळून बसता. हा आक्षेप गंभीर आहे आणि त्याचे उत्तर बाबासाहेबांकडूनच घेतले पाहिजे.

१९४२ ते १९४६ ह्या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते आणि वीज हा विषय त्यांच्याकडे होता. आपल्या भाषणांतून घटनाकार, धर्मांतर, महाड हे सगळे येते. विजेचा विभाग ज्यांनी हाताळला ते बाबासाहेब क्वचितच येतात. ऑक्टोबर १९४३ मध्ये युद्धोत्तर वीजविकासाच्या धोरण समितीपुढे अध्यक्ष म्हणून बोलताना त्यांनी मूलभूत प्रश्न मांडले. वीज खाजगी मालकीची असावी की सरकारी, केंद्राच्या ताब्यात असावी की प्रांतांच्या, आणि ती स्वस्त व मुबलक कशी होईल. वीज कशासाठी, तर उद्योगधंद्यांसाठी. आणि उद्योगधंदे कशासाठी, तर दारिद्र्याच्या फेऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या अडकलेल्या माणसाला त्यातून बाहेर काढण्यासाठी, अशी त्यांच्या विचाराची दिशा होती. १९१८ सालच्या लहान शेतजमिनींवरच्या निबंधातही त्यांनी हेच सुचवले होते, की शेतीवरची जादा माणसे उद्योगांत गेल्याशिवाय शेतीचा प्रश्न सुटणार नाही.

म्हणजे यंत्राला त्यांचा विरोध नव्हता हे खरे. परंतु त्यांचा हिशेब माणसापासून सुरू होऊन माणसापाशी संपत होता. मेगावॉट मधे कुठेतरी येत होते. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' मध्ये त्यांनी मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत आणि शेती हा राज्याचा उद्योग असावा असे मांडले. जमीन जातपात न पाहता गावकऱ्यांच्या गटांना कसायला द्यावी. कोणी जमीनदार राहू नये, कोणी कूळ राहू नये आणि कोणी भूमिहीन मजूर राहू नये, अशी ती योजना होती. आजच्या सौर योजनेला ही फूटपट्टी लावून पाहा. जमीनदार राहतो, त्याला पंचवीस वर्षांचे भाडे मिळते. उद्योग खाजगी कंपनीचा होतो. भूमिहीन जो होता तो अधिक भूमिहीन होतो. खेडे सोडून शहरात जाणे वेगळे आणि खेड्यातून हुसकले जाणे वेगळे. पहिल्याला बाबासाहेबांनी मुक्ती म्हटले असते. दुसऱ्याला आपण विकास म्हणू लागलो आहोत.

असे पूर्वी घडले आहे. शंभर वर्षांपूर्वी मुळशी खोऱ्यात टाटांचे धरण होत होते ते विजेसाठीच, मुंबईच्या गिरण्या चालाव्यात म्हणून. ती वीजही धुराशिवायची होती; आजच्या भाषेत स्वच्छ. १९२१ साली तिथे सत्याग्रह झाला, सेनापती बापट पुढे आले, हा इतिहास शाळेत शिकवतात. जे कमी सांगितले जाते ते असे, की खोऱ्यातली पुष्कळ जमीन पुण्याच्या सावकारांच्या नावावर गेलेली होती. कसणारे मावळे आणि कागदावरचे मालक वेगळे होते. मोबदल्याची बोलणी सुरू झाली तेव्हा ती कागदावरच्या मालकांशी झाली, आणि लढ्याचा कणा तिथेच मोडला. शेजारच्या कर्नाटकात पावगड्याला सुमारे १३,००० एकरांवर २,०५० मेगावॉटचे सौर उद्यान झाले. जमीन विकत घेतली नाही, एकरी २१,००० रुपये वार्षिक भाड्याने घेतली, म्हणून त्याचे देशभर कौतुक झाले. दुष्काळी मुलखातल्या शेतकऱ्याला पैसा मिळाला, हे चांगलेच झाले. पण भाडे मालकाला मिळते. त्या मालकाच्या रानात खुरपायला जाणारीला शेत बंद झाल्यावर कोण भाडे देतो? तिचा रोजगार ही काही मालमत्ता नव्हे, म्हणून ती गेल्याची नोंदही होत नाही.

एक बाजू मुद्दाम सांगतो, नाही तर मी एकांगी लिहितो असे होईल. शासनाने आपल्यासाठी सवलती ठेवल्या आहेत. सौर कृषी पंपाच्या योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याला किमतीच्या १० टक्के भरावे लागतात, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला ५ टक्केच. पण पंप कोणाला? ज्याच्याकडे शेत आहे आणि शेतात पाणी आहे त्याला. अडीच एकरांपर्यंत ३ अश्वशक्तीचा, पाच एकरांपर्यंत ५ अश्वशक्तीचा, त्यापुढे साडेसात. म्हणजे जितकी जमीन तितका सूर्य. सातबाराच नसलेल्याला पाच टक्क्यांची सवलत म्हणजे पाय नसलेल्याला अर्ध्या किमतीत वहाण.

मग म्हणतील, भूमिहीनांना जमीन देणारी योजनाही आहे. आहे. दादासाहेब गायकवाडांच्याच नावाने २००४ पासून सबळीकरण व स्वाभिमान योजना आहे. दारिद्र्यरेषेखालच्या भूमिहीन दलित कुटुंबाला चार एकर जिराईत किंवा दोन एकर बागाईत जमीन शासनाने विकत घेऊन द्यायची. २०१८ च्या निर्णयाप्रमाणे पूर्ण रक्कम अनुदान, आणि जिराईत जमिनीला एकरी पाच लाखांपर्यंत भाव. आता वरचे भाडे आठवा. हेक्टरी सव्वा लाख म्हणजे एकरी पन्नास हजार रुपये वर्षाला. दहा वर्षांच्या भाड्यातच पाच लाख वसूल होतात आणि जमीन मालकाचीच राहते. उपकेंद्राच्या टापूतला कोणता शेतकरी ह्यापुढे आपली जमीन भूमिहीनांसाठी एकरी पाच लाखांना विकेल? एका खात्याच्या योजनेने दुसऱ्या खात्याची योजना गिळली, आणि दोन्ही खात्यांना त्याचा पत्ता नाही. विक्रेता मिळत नाही म्हणून ही योजना आधीच रखडत होती. सौर भाड्याचा आणि ह्या भावाचा विचार एकत्र झाला पाहिजे, ही मागणी मी अजून कोणत्याही मोर्चात ऐकलेली नाही. मागणीपत्रात ती पहिल्या क्रमांकाला हवी.

आणखी एक जमीन आहे, महार वतनाची. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ वतने गेली आणि जमिनी पूर्वीच्या वतनदारांना परत दिल्या गेल्या, पण नव्या अटींवर. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून त्या हस्तांतरित करता येत नाहीत. ही अट आपल्या रक्षणासाठी आहे आणि तिच्यामुळेच पुष्कळ जमिनी वाचल्या. पण प्रकल्प आला की गावात मध्यस्थ येतो. 'तुमच्याच्याने परवानगी होणार नाही, माझ्यावर सोपवा' म्हणतो, आणि मुखत्यारपत्रावर सही घेतो. वतनाच्या जमिनीचे भाडे मूळ कुटुंबाच्याच खात्यात जाईल आणि परवानगीचे काम तहसील स्वतः करील, असा साधा नियम करायला काही खर्च येत नाही.

जमिनीवर मी इतका वेळ थांबलो, कारण साखळीतली ही कडी आपल्या पायाशी आहे. पण स्वच्छ ऊर्जेची साखळी गायरानाच्या पलीकडून येते आणि पलीकडे जाते. सौर पट्टी म्हणजे मुळात गारगोटी. तिच्यापासून शुद्ध सिलिकॉन, त्याच्या लगडी, लगडींच्या पातळ चकत्या, चकत्यांपासून घट, आणि घट जोडून पट्टी. ह्या बहुतेक प्रत्येक टप्प्यावर जगातले ८० टक्क्यांहून अधिक उत्पादन चीनमध्ये होते. तिथल्या शिनजियांग प्रांतात उइघुर मुसलमानांकडून सक्तीने काम करून घेतले जाते, ह्या कारणावरून अमेरिकेने २०२१ साली कायदा केला आणि जून २०२२ पासून त्या प्रांतातल्या मालाला बंदी घातली. अमेरिकेचा त्यात व्यापारी स्वार्थ नसेल असे नाही. पण प्रश्न खरा आहे. ह्या काचेत वेठ आहे काय? आपल्या संविधानाच्या २३ व्या कलमाने वेठबिगार निषिद्ध केली आहे. वतनाच्या नावाखाली ज्यांच्या आज्यापणज्यांनी गावाची वेठ केली, त्यांनी तरी राज्य शासनाला हे विचारले पाहिजे, की लाखो पट्ट्या घेताना निविदेत ही अट का असू नये. देशात कारखाने निघत आहेत, चांगले आहे. तिथे कंत्राटी कामगाराला काय मिळते, हाही त्याच अटीचा भाग व्हावा.

प्रकल्प उभा राहिला की काम किती उरते? उभारणीच्या काही महिन्यांत खड्डे, खांब, ढुलाई. नंतर एक-दोन तंत्रज्ञ, रखवालदार, गवत कापणारा, आणि पट्ट्यांवरची धूळ धुणारे. तंत्रज्ञ बाहेरून येतो. धुणारे कोण असतील हे मी सांगायची गरज आहे काय? 'स्वच्छ' हा शब्द आपल्या लोकांनी नेहमीच जपून ऐकावा; गाव स्वच्छ राहावे म्हणून कोणाला अस्वच्छ ठेवले गेले हे आपल्याइतके कोणाला ठाऊक आहे? आणि रखवालदाराची नोकरी काही फार सुखाची नाही. ९ डिसेंबर २०२४ रोजी बीड जिल्ह्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख ह्यांचा अपहरण करून खून झाला. तपास यंत्रणेच्या आरोपपत्राप्रमाणे त्याच्या मुळाशी पवन ऊर्जा कंपनीकडे मागितलेली दोन कोटींची खंडणी होती. आणि तीनच दिवस आधी कंपनीच्या आवारात रखवालदाराला मारहाण झाली होती, तेव्हा सरपंच मधे पडले होते. वाऱ्याची वीज असो की उन्हाची, गावातली सत्ता तीच राहिली तर पैसा आला तिथे काठीही येते.

उद्योजकतेबद्दल थोडक्यात. केंद्राच्या २०१२ च्या खरेदी धोरणात एकूण खरेदीपैकी ४ टक्के माल अनुसूचित जाती-जमातीच्या लहान उद्योजकांकडून घ्यावा असे आहे. वर्षानुवर्षे ते पुरे झालेले नाही. सौर प्रकल्पांची कामे गठ्ठ्याने निघतात आणि गठ्ठा उचलायला मोठी अनामत लागते. आयटीआय झालेल्या आपल्या चार मुलांनी मिळून पट्ट्यांच्या देखभालीचे काम मागितले तर त्यांना निविदेत जागा असावी, एवढे तरी व्हावे.

साखळीचे शेवटचे टोक आहे भंगार. पट्टीचे आयुष्य साधारण पंचवीस वर्षांचे. गारपिटीत, वाहतुकीत फुटतात त्या वेगळ्या. २०२२ च्या ई-कचरा नियमांत सौर पट्ट्या आल्या आहेत. हे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, आणि २०३४-३५ पर्यंत निघणारा असा कचरा उत्पादकाने साठवून ठेवायचा आहे. त्यानंतरच्या डोंगराचे काय? पट्टीत काच आहे, ॲल्युमिनिअमची चौकट आहे, थोडे तांबे, थोडी चांदी, आणि जोडणीच्या डाखात शिसे. चौकट आणि तांबे काढायला भंगारवाला येईल, आणि ती काच फोडायला वस्तीतली बाई आणि तिची पोरे बसतील. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मेलेली ढोरे ओढायचे काम सोडायला सांगितले. मेलेल्या पट्ट्या ओढायचे काम आपल्या नातवंडांवर येऊ नये, ह्याची तजवीज आजच्या करारपत्रात झाली पाहिजे. प्रकल्प संपल्यावर पट्ट्या उचलून जमीन पूर्ववत करण्याची रक्कम कंपनीने पहिल्याच वर्षी बाजूला ठेवावी. पंचवीस वर्षांनी ती कंपनी कुठे असेल हे कोण सांगणार?

प्रकल्प घेणाऱ्या ग्रामपंचायतीला वर्षाला पाच लाख ह्याप्रमाणे तीन वर्षे अनुदान आहे. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांवर खर्च करावेत असा नियम जुनाच आहे. तोच ह्या पंधरा लाखांना लावून मागावा. नाही तर वेशीची कमान होईल आणि वस्तीचा रस्ता तसाच राहील. ज्यांच्या कसत्या जमिनीवर प्रकल्प आला त्यांना निव्वळ १५ टक्क्यांवर बोळवू नये, हा माझा आग्रह आहे. गायरान देण्याआधी १-ई ची नोंद, जुन्या पावत्या आणि प्रत्यक्ष वहिवाट ह्यांची ग्रामसभेत चौकशी व्हावी. १९९० पूर्वीची वहिवाट ठरली तर आधी पट्टा द्यावा आणि मग मालक म्हणून त्याला विचारावे, की तुला भाडे हवे की शेत. कदाचित तो भाडे घेईल. मी त्याच्या जागी असतो तर घेतले असते. पण त्याला विचारायला तर हवे.

त्या गावात हरकतीची मुदत संपायला चार दिवस होते. अकरा घरांचे अकरा अर्ज लिहिले, प्रत्येकाला पावत्यांच्या झेरॉक्स जोडल्या, आवक क्रमांक घेतला. दोन महिन्यांनी मंडळ अधिकारी पंचनाम्याला आले. त्यांनी बांध पाहिले, शेवग्याची झाडे मोजली, सह्या आणि अंगठे घेतले. नव्या तक्त्यात 'पडीक' हा शब्द राहिलेला नाही. त्या जागी 'अतिक्रमण' असे लिहिले आहे. म्हातारीला मी ते वाचून दाखवले तेव्हा ती म्हणाली, की चला, निदान आमी हाव असं तर लिवलं.

अकरांपैकी चार घरांकडे १९९० पूर्वीची एकही पावती नाही. १९८० नंतर केव्हातरी त्या गटात रोजगार हमीवर नालाबांधाचे काम झाले होते आणि तेव्हा प्रत्येकाचा तुकडा मोजून नकाशावर घेतला होता, असे जुनी माणसे सांगतात. तो नकाशा आणि कामाचे हजेरीपट तालुक्याच्या अभिलेख कक्षात असतील, तर त्यांच्या नकला मिळवण्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज दिला आहे.